आधी तामिली, मग कैफियत

१९६२ सालच्या जुलै महिन्यातील ६ आणि ७ या तारखांच्या मधली रात्र. शेतकरी ज्याला तरणा पाऊस म्हणतात त्या पुनर्वसूचे ते दिवस. आणि अशा रात्री, सिडनीहून निघून बँकॉक मागे टाकलेले अलितालिया या इटालियन कंपनीचे डीसी-८ जातीचे विमान अंधारातून आणि ढगांतून मुंबईकडे उतरत येत होते. आपण मुंबईच्या अगदी जवळ येऊन ठेपलो आहोत, असा वैमानिकाचा हिशेब होता. प्रत्यक्षात मुंबई अजून सुमारे ८४ किलोमीटर दूर होती, आणि मध्ये जुन्नरच्या मुलखातली ती टेकडी उभी होती, जिचे नाव चौकशीच्या कागदपत्रांत दवंड्याची टेकडी असे नोंदलेले आहे. माथा थोडक्याच फुटांवर उरला असता विमान तिच्यावर आदळले. आत ९४ माणसे होती. त्यांतले एकही वाचले नाही. चौकशीअंती ठपका आला तो अंतराच्या चुकीच्या अदमासावर, आणि त्या अदमासाच्या भरवशावर वेळेआधीच आरंभलेल्या अवतरणावर.

मुंबईच्या आसपासच्या डोंगरांना असा आघात नवा नव्हता. त्यापूर्वी तेरा वर्षे, १२ जुलै १९४९ रोजी, केएलएम या डच कंपनीचे कॉन्स्टलेशन विमान पावसाळी हवेत मुंबईस उतरू पाहत असता घाटकोपरच्या टेकडीवर आदळून ४५ जण मृत्यू पावले होते, आणि इंडोनेशियाचा दौरा आटोपून मायदेशी निघालेले १३ अमेरिकन पत्रकार त्यांत होते. २४ जानेवारी १९६६ ची सकाळ तर जुन्या मुंबईकरांच्या स्मरणातून जाणे शक्यच नाही. एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ जिनीव्हास उतरण्याच्या बेतात असता माँ ब्लाँच्या बर्फावर आदळले, ११७ माणसे गेली, आणि तुर्भ्याला ज्यांनी अणुसंशोधनाचे पीठ उभे केले ते होमी भाभा त्यांतच गेले. विमानाने तो पर्वत ओलांडला आहे की नाही, एवढ्या एका गोष्टीविषयी वैमानिक आणि जमिनीवरचा नियंत्रक यांच्यात झालेला गैरसमज त्या अनर्थाच्या मुळाशी होता.

विमानविद्येच्या परिभाषेत अशा अपघाताला स्वतंत्र नाव आहे, आणि त्याचा सरळ अर्थ ‘पूर्णपणे ताब्यात असलेले विमान भूमीवर नेऊन आदळणे’ असा होतो. इंजिने सुरळीत चालू आहेत, पंख शाबूत आहेत, सुकाणू हातात आहे, आणि ते हातही नवख्याचे नाहीत. असे विमान डोंगरात शिरते ते केवळ, आपण कोठे आहोत याविषयी आतल्या माणसांची पक्की खातरजमा झालेली असते आणि ती खातरजमा खोटी असते, म्हणून. आपण चुकलो आहोत हे ज्या क्षणी माणसाला ठाऊक नसते तोच क्षण येथे निर्णायक असतो, आणि म्हणून त्या क्षणी त्याला बाहेरून हाक मारणारा कोणीतरी हवा असतो.

ती हाक ज्यांनी घडवली ते डॉन बेटमन हे कॅनडातील सॅस्काटून येथे १९३२ साली जन्मलेले आणि अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या परिसरात हयातभर काम केलेले अभियंते होत. भूमी जवळ आल्याची इशारत देणाऱ्या यंत्रावर त्यांचे काम चालू असतानाच, ४ सप्टेंबर १९७१ रोजी, अलास्का एअरलाइन्सचे बोइंग ७२७ जूनो या गावी धुक्यातून उतरत असता डोंगराच्या उतारावर आदळले आणि १११ माणसे प्राणास मुकली. येथेही तेच झाले होते: आपण आहोत त्याहून पुढे आलो आहोत, असा समज. बेटमन यांनी पुढे छोट्या विमानातून त्याच मार्गाने जाऊन आपले यंत्र अजमावले आणि त्याची इशारत फार उशिरा येते हे पाहून ते पुन्हा कामाला लागले. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळच्या माउंट वेदर या डोंगरावर टीडब्ल्यूए कंपनीचे विमान आदळून ९२ माणसे गेली, तेव्हा अमेरिकन सरकारने हे यंत्र मोठ्या प्रवासी विमानांना सक्तीचे केले. बेटमन २०२३ साली निवर्तले. ज्यांच्यामुळे आपण आज जिवंत आहोत हे ठाऊकही नसलेली माणसे जगात हजारोंनी असतील, अशा या गृहस्थांची दखल आपल्याकडील वृत्तपत्रांतून घेतली गेल्याचे माझ्या पाहण्यात आले नाही, याची मला खंत वाटते.

यंत्राची मूळ कल्पना साधी आहे. विमानाच्या पोटाशी असलेला रेडिओ अल्टिमीटर सरळ खाली लहरी सोडतो, त्या परतण्यास लागलेल्या वेळावरून जमीन किती फूट खाली आहे हे मोजतो, आणि हे माप उतरण्याच्या वेगाशी, चाकांच्या आणि फ्लॅपच्या स्थितीशी, धावपट्टीकडून येणाऱ्या उतरणीच्या रेडिओ-रेषेशी क्षणोक्षणी ताडून पाहिले जाते. उंचीच्या मानाने उतरण्याचा वेग फाजील झाला की ‘सिंक रेट’. जमीन झपाट्याने वर येऊ लागली की ‘टेरेन, टेरेन’. चाके न सोडताच विमान खाली आले की ‘टू लो, गिअर’. उतरणीच्या रेषेखाली घसरले की ‘ग्लाइडस्लोप’. आणि यांतल्या कशानेही काम भागले नाही, तर शेवटचा, कर्कश भोंग्याबरोबर येणारा हुकूम, ‘पुल अप’, म्हणजे विमान वर घ्या.

हा हुकूम मी एकदा प्रत्यक्ष ऐकला आहे. वैमानिकांच्या शिक्षणासाठी असलेल्या सिम्युलेटरमध्ये, एका स्नेह्याच्या मेहेरबानीने, मागच्या आसनावर अर्धा तास बसण्याची मुभा मला मिळाली होती. समोरच्या काचेत ढगांचा करडा पडदा होता, उतरणे शांतपणे चालले होते, आणि एकाएकी तो आवाज आला. त्यात राग नव्हता, घाई नव्हती. परंतु माझ्या तळहातांना घाम फुटला. डाव्या आसनावरच्या तरुणाने त्याच क्षणी ऑटोपायलट सोडवला, इंजिनांचे दांडे थेट पुढे ढकलले, पंख समतल केले आणि नाक वीस अंशांवर उचलून धरले. उजवीकडच्या मुलीने पंखांवरचे स्पीडब्रेक मिटलेले असल्याची खात्री करून घेतली आणि उंचीचे आकडे मोठ्याने वाचण्यास आरंभ केला. डोंगर खाली गेला. मग प्रशिक्षकांनी सिम्युलेटर थांबवला आणि ते म्हणाले, “आता विचार करा, काय चुकलं होतं ते. मघाशी विचार केला असता, तर आता करायला उरला नसतात.” या लेखात मला जे म्हणायचे आहे ते या वाक्यात आले आहे: इशारत झाली की आधी तामिली, आणि कैफियत मागाहून; आणि जो तामिली करील त्याच्याकडे कैफियतीचा तगादा कोणी लावू नये.

हे इतके उघड आहे तर सांगण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन असे की, गेल्या अर्धशतकाचे दप्तर उघडले तर हाक ऐकू येऊनही न ऐकल्याची उदाहरणे त्यात जागोजाग सापडतात. आरंभीची यंत्रे पुष्कळदा विनाकारण ओरडत, आणि ‘लांडगा आला रे’ची गोष्ट ज्यांनी बालपणी ऐकली आहे त्यांना पुढे काय झाले असेल हे वेगळे सांगावयास नको. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी अ‍ॅव्हियांका या कोलंबियन कंपनीचे बोइंग ७४७ माद्रिदला उतरत असता, एका टप्प्यावरची किमान उंची जी ३२८२ फूट, ती आकड्यांची अदलाबदल होऊन २३८२ अशी कॉकपिटात उच्चारली गेली. यंत्राने हाक दिली. ध्वनिमुद्रणावरून दिसते ते असे की, कप्तानांनी तिला ‘बुएनो, बुएनो’, म्हणजे आपल्या भाषेत ‘बरं, बरं’, असे उत्तर दिले आणि विमान होते तसेच खाली जात राहिले. १८१ माणसे गेली, ११ वाचली. दारात उभ्या राहिलेल्या याचकाला आपण कामाच्या नादात ‘बरं, बरं’ म्हणतो, त्या सुरात हे शब्द उच्चारलेले मला ऐकू येतात, आणि त्या गृहस्थांचा राग येण्याऐवजी पोटात कालवते. कारण तो सूर आपणा सर्वांचा आहे.

विनाकारण ओरडणाऱ्या यंत्राला घरातच न घेणे हाही एक मार्ग काहींनी पत्करला. फ्रान्सच्या एअर इंटर कंपनीने आपल्या एअरबस ए३२० विमानांत ते बसवलेच नव्हते. २० जानेवारी १९९२ च्या रात्री त्यांतले एक विमान स्ट्रासबर्गला उतरत असता साँत-ओदील डोंगरावर आदळले आणि ८७ जण मृत्यू पावले. उतरणीचा कोन ३.३ अंश ठेवण्याऐवजी दर मिनिटास ३३०० फूट या वेगाने उतरण्याची आज्ञा यंत्रणेस दिली गेली असावी, असे तपासात निष्पन्न झाले. त्या काळच्या त्या पडद्यावर दोन्ही गोष्टी दोनच आकड्यांत दिसत. अशा चुकीवर बोट ठेवणारा एकही आवाज त्या कॉकपिटात नव्हता.

उलटपक्षी, जुन्या यंत्राची खरी मर्यादा दिसून आली ती कोलंबियातील काली या शहराजवळ, २० डिसेंबर १९९५ रोजी. अमेरिकन एअरलाइन्सचे बोइंग ७५७ चुकीच्या रेडिओ-केंद्राची निवड झाल्यामुळे दरी सोडून डोंगरांकडे वळले होते. रेडिओ अल्टिमीटर सरळ खाली पाहतो, पुढे पाहत नाही. त्यामुळे हाक आली तेव्हा हाती बारा-तेरा सेकंदच उरले होते. वैमानिकांनी तत्काळ शक्ती वाढवली, नाक उचलले; परंतु उतरण्यासाठी पंखांवर उघडलेले स्पीडब्रेक तसेच उघडे राहिले, आणि शिखराजवळ विमान झाडांत शिरले. १५९ माणसे गेली. उजव्या आसनावरची ती मुलगी सर्वप्रथम स्पीडब्रेककडे का पाहत होती, हे मला पुढे उमगले. नियमावलीतील एकेका ओळीमागे कोठल्यातरी डोंगरावरचे असे एखादे रक्षाविसर्जन असते.

पुढे पाहू शकणारे यंत्रही बेटमन यांच्याच मंडळींनी सिद्ध केले. सगळ्या पृथ्वीचा डोंगर-दऱ्यांसह नकाशा यंत्राच्या स्मरणात साठवावयाचा, उपग्रहांवरून विमानाचे ठिकाण जाणून घ्यावयाचे, आणि समोरची भूमी हिरव्या, पिवळ्या, तांबड्या ठिपक्यांनी पडद्यावर दाखवून साधारण मिनिटभर आधी सावध करावयाचे, अशी ही तजवीज. नकाशे कोठून आणावयाचे हा प्रश्न होता. सोव्हिएत संघराज्य कोसळल्यावर तेथील लष्करी नकाशे विक्रीस आले, ते बेटमन यांनी मिळवले. शत्रूच्या भूमीवर चाल करण्यासाठी काढलेल्या त्या रेषा शेवटी प्रवाशांच्या संरक्षणास लागल्या, ही हकिकत मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत समाधानाची वाटते. १९९६ पासून हे सुधारलेले यंत्र वापरात येऊ लागले, आणि अवतरण करताना डोंगरावर आदळण्याचा प्रकार, जो एके काळी जेट विमानांच्या अपघातांत प्राणहानीचे प्रमुख कारण होता, तो झपाट्याने विरळ होत गेला.

तथापि यंत्र कितीही शहाणे झाले तरी ते शेवटी सांगते, करीत नाही. ९ मे २०१२ रोजी जकार्ताहून पाहुण्यांना घेऊन प्रात्यक्षिकासाठी उडालेले सुखोई सुपरजेट सालक पर्वताजवळ खाली आले, तेव्हा आदळण्यापूर्वी ३८ सेकंद यंत्राने पहिली हाक दिली. पहिल्या हाकेनंतर २४ सेकंदांच्या आत विमान वर घेतले असते तरी सारे वाचले असते, असे तपास अहवाल सांगतो. कप्तानांनी यंत्रातील नकाशाच चुकीचा असावा असे मानून ते बंद केले. ४५ माणसे गेली.

आता मंगळूर. २२ मे २०१० च्या पहाटे दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ बज्पेच्या पठारावरील धावपट्टीकडे उतरत होते. हवा स्वच्छ होती, धावपट्टी दिसत होती, डोंगराशी झुंज नव्हती. कप्तान प्रवासात सुमारे एक तास चाळीस मिनिटे झोपले होते. ध्वनिमुद्रणात त्यांचे घोरणे ऐकू येते. अवतरणाच्या अंतिम टप्प्यात विमान असावयास हवे त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर होते, म्हणून ते वेगाने खाली दाबले गेले. आणि यंत्राने पुन्हा पुन्हा ‘सिंक रेट’ आणि ‘पुल अप’ अशा हाका घातल्या. उजवीकडच्या सहवैमानिकाने तीन वेळा ‘गो-अराउंड’, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चला, असे म्हटले. विमान सुमारे ८००० फुटांच्या धावपट्टीवर टेकले ते आरंभापासून ५२०० फुटांवर, आणि टोक ओलांडून दरीत कोसळले. १६६ पैकी ८ जण वाचले. या अपघाताची चौकशी निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली झाली, आणि त्या न्यायासनाने कारण नोंदवले ते निःसंदिग्ध शब्दांत: अस्थिर झालेले अवतरण सोडून देण्यात कप्तानांना आलेले अपयश, आणि सहवैमानिकाच्या तीन सूचना व यंत्राच्या अनेक इशारती होऊनही ते पुढे रेटण्याचा आग्रह.

येथे यंत्राने सांगितले आणि माणसानेही सांगितले. दोघांनी एकच गोष्ट, वेळेवर, समजेल अशा भाषेत सांगितली. मग ती अमलात का आली नाही, हा माझ्या मते विमानवाहतुकीतला आजचा सर्वांत मोठा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर यंत्रशास्त्रात सापडणार नाही.

एक आक्षेप मी प्रामाणिकपणे विचारात घेतला आहे. विमानाचा धनी कप्तान, त्याच्या डोळ्यांना समोर धावपट्टी दिसत आहे, वीस वर्षांचा अनुभव गाठीशी आहे. अशा माणसाने एका पेटीतून येणाऱ्या शब्दापुढे आपला विवेक गहाण टाकावा काय? नियमावल्यांतही अशी सवलत असते की, दिवसाउजेडी, भूमी स्पष्ट दिसत असता, धोका नाही अशी खात्री पटली तर कप्तानाने इशाऱ्याचा दर्जा कमी मानावा. हा आक्षेप वजनदार आहे, परंतु तो टिकत नाही. कारण डोळ्यांना धावपट्टी दिसते, पण स्वतःची थकावट दिसत नाही. एकदा ‘उतरायचेच’ असे ठरवलेल्या मनाला आपला आग्रह दिसत नाही. शिवाय दोन्ही पारडी समान नाहीत. हाक खोटी ठरली आणि विमान वर घेतले, तर थोडे इंधन जाते, काही मिनिटे जातात. हाक खरी असून विमान खाली नेले, तर सर्वस्व जाते. ज्या सौद्यात एका बाजूला काही मिनिटे आणि दुसऱ्या बाजूला दीडशे संसार आहेत, तेथे अनुभवी माणसाने अनुभवाला विचारण्याचीही गरज नाही.

असे असूनही, विमानसुरक्षेच्या क्षेत्रात काम करणाऱ्या फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेच्या अभ्यासात असे दिसून आले की, अवतरण अस्थिर झालेले असता ते सोडून पुन्हा वर जाणारे वैमानिक शंभरांत सुमारे तीनच असतात, बाकीचे उतरतात. बहुतेक वेळा ते निभावून जाते, आणि निभावून जाणे हीच येथे सर्वांत घातक शिकवण ठरते. वर गेलेल्या वैमानिकाला मात्र खुलासा लिहावा लागतो, इंधनाचा हिशेब विचारला जातो, पुढच्या उड्डाणाचा उशीर त्याच्या नावावर पडतो. कागदावर कोणत्याही कंपनीचे धोरण याबाबत निर्दोषच आढळेल; परंतु ताकीद लेखी नसते, ती वरिष्ठांच्या भुवयांत असते. म्हणून माझी मागणी अशी की, गो-अराउंडचा अहवाल हा सुरक्षेच्या अभ्यासासाठीच मागवावा, वैमानिकाच्या सेवापुस्तिकेशी त्याचा संबंध कोठेही येऊ देऊ नये, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची अंमलबजावणी खरोखर होते की नाही हे वैमानिकांना एकेकटे विचारून तपासावे.

दुसरी गोष्ट उजव्या आसनाची. तीन वेळा ‘गो-अराउंड’ म्हणूनही त्या सहवैमानिकाने सुकाणू स्वतःच्या हाती घेतले नाही, यावर बाहेरून बोट ठेवणे सोपे आहे. वडीलधाऱ्या माणसाचे बोलणे तोडू नये, गुरूची चूक चारचौघांत दाखवू नये, या संस्कारात आपण लहानाचे मोठे झालो, आणि त्या संस्काराने आपल्या घरांना जी शोभा आहे ती मला प्रिय आहे. परंतु कॉकपिटात तो दरवाजाबाहेर ठेवावा लागतो, आणि तसे करणे हे उपदेशाने साधत नाही, सरावाने साधते. सिम्युलेटरमध्ये कप्तानाने मुद्दाम हाक डावलावी आणि सहवैमानिकाने ‘माझ्याकडे द्या’ म्हणून विमान वर घ्यावे, हा पाठ त्याच्या अंगवळणी पडेपर्यंत घोटून घेतला पाहिजे. आणि ताबा घेतल्याबद्दल कप्तानाने त्याची पाठ थोपटली पाहिजे.

कारण यंत्र प्रत्येक वेळी हाक देईलच असे नाही. २३ मे २०२२ रोजी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर एक एअरबस ए३२० पावसातून उतरत असता, नियंत्रकाने हवेचा दाब १००१ ऐवजी १०११ असा सांगितला, वैमानिकांनी तोच उंचीमापकात बसवला, आणि विमान असावयास हवे त्याच्या सुमारे २८० फूट खालून, कोणालाही न कळता, धावपट्टीकडे सरकू लागले. धावपट्टीपासून दीड किलोमीटरच्या आसपास ते जमिनीपासून अवघ्या ६ फुटांवर आले होते. विमानातील यंत्र गप्प राहिले. ते विमान वाचले ते केवळ एका सवयीमुळे: ठरलेल्या उंचीपर्यंत धावपट्टी दिसली नाही, म्हणून वैमानिकांनी वाद न घालता विमान वर घेतले. आपण कशातून सुटलो हे त्यांना त्या वेळी ठाऊकही नव्हते.

राहिलो आपण, मागे बसलेले प्रवासी. गेल्या वर्षी आषाढात मी नागपूरहून मुंबईस येत होतो. खिडकीबाहेर दुधी पांढऱ्यापलीकडे काही दिसत नव्हते, चाके सुटल्याचा धक्का बसला होता, आणि एकदम इंजिने गरजली, पाठ आसनाला चिकटली, विमान वर निघाले. माझ्या मागच्या ओळीतील गृहस्थ मोठ्याने म्हणाले, “कोण पोरं बसवतात हे चालवायला!” दुसऱ्यांनी हवाई सुंदरीस बोलावून आपली बैठक किती वाजता आहे ते तिला ऐकवले, आणि कंपनीला लिहिणार असल्याचे सांगितले. ही वाक्ये पडद्यापलीकडे पोहोचत नाहीत असे आपण समजतो. पण ती पत्रांच्या, तक्रारींच्या आणि उशिराच्या तक्त्यांच्या रूपाने पोहोचतात, आणि पुढच्या एखाद्या पहाटे, थकलेल्या एखाद्या माणसाच्या हाताशी येऊन बसतात. माझ्या शेजारी वर्ध्याकडच्या एक आजी होत्या, मांडीवर सांडग्यांचा डबा घट्ट धरलेला. त्यांनी मला विचारले, “काय झालं जी? परत वर कायले गेलं?” रस्ता नीट दिसला नसेल म्हणून वर गेले, पुन्हा फेरी मारून उतरतील, असे मी सांगितले. “मंग बरं केलं त्यानं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे मिटले.

दुसऱ्या खेपेस चाके धावपट्टीला टेकली तेव्हा मी घड्याळ पाहिले. बावीस मिनिटे अधिक झाली होती.